सहावी कोंबडी आणि उंबरा

नेदरकोम,
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप विनीताईस,

धाकट्या बार्नबीचा नमस्कार. (वाकून केला असं समज. खरोखर वाकलो तर उठवायला शेजारच्या थ्रॉसलबाईंना हाक मारावी लागते, आणि त्या नुसत्या येत नाहीत, केक घेऊन येतात.) तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? माझं ठीक चाललंय. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम, म्हणजे काय ते तूच समजून घे. इथे पाऊस आहे. तिकडेही असणारच, तुमचं एक्झेटर काही वाळवंटात नाही.

एक तक्रार आहे ती आधीच करून टाकतो. माझी मागची दोन पत्रं तू दुरुस्त करून परत पाठवली नाहीस. तू मुख्याध्यापिका झालीस त्या वर्षापासून माझं एकही पत्र लाल शाईशिवाय परत आलेलं नाही. ‘वाक्य संपव, बार्नबी’ हा शेरा तर मी इतक्यांदा वाचलाय की माझ्या थडग्यावरही तोच कोरतील असं मला वाटतं. मागच्या पत्रात मी मुद्दाम घोडचुका करून ठेवल्या होत्या, तरी पाकीट आलं नाही. मला हे बरं लक्षण वाटत नाही.

रोझलिंडचा फोन आला होता. (लेक तुझी, पण ‘आपली’ म्हटलेलं तिला आवडतं.) ती म्हणाली, सिरिलदाजींना दफनभूमीत पोचवून आल्यापासून आई तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेलीच नाही. दूध, ब्रेड, औषधं सगळं दाराशी येतं, दार बोटभर उघडतं आणि बंद होतं. तिनं एक चांगलं वृद्धनिवास पाहून ठेवलंय आणि महिनाअखेर तिथे हो किंवा नाही कळवायचंय. मग म्हणाली, “मामा, तुम्ही आईला यातलं काही म्हणजे काही बोलायचं नाही. तिला त्रास होतो.” मी शब्द दिला. तेव्हा त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मी कोंबड्यांबद्दल लिहिणार आहे.

मला कोंबड्या नको होत्या, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेव. मला अंडी हवी होती. एका शनिवारी फिरायला निघालो, तर टेकडीपलीकडच्या शेताच्या फाटकाशी रांग दिसली आणि फळीवर कोंबडीचं चित्र. रांग दिसली की आपल्या माणसांचे पाय आपोआप तिच्या शेपटाला जाऊन लागतात. बाबांनी आपल्याला हेच शिकवलं ना, आधी उभं राहा, कशाची आहे ते मागाहून कळेल. पुढच्या बाई वळून म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय हो.” अंडी विकत घेण्याचं एवढं कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं, पण नाही म्हणायचं तरी कसं? मी आभार मानले. टेबलाशी पोचलो तर तिथल्या पेंगेलीबाईंनी विचारलं, “किती?” मी म्हटलं, “अर्धा डझन.” “खोकी आणलीत?” “नाही, कापडी पिशवी आहे.” बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी मागे लपवली.

त्यांच्या वहीत माझं नाव नव्हतं, कारण मी ते कधी दिलंच नव्हतं. बाईंना वाटलं, आपल्याच हातून सुटलं. त्यांनी माझी क्षमा मागितली. नाव नसल्याबद्दल मी त्यांची मागितली. मला मागायला लावली म्हणून त्यांनी पुन्हा मागितली, आणि मागच्या गृहस्थांनी हे सगळं कानावर पडल्याबद्दल आम्हा दोघांची मागितली. शेवटी बाईंनी ओशाळून स्वतःचीच दोन खोकी माझ्या हातात दिली. खोकी जड होती, आणि कुरकुरत होती. खरं म्हणजे तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मागे भुरभुर पावसात अख्खी रांग खोळंबलेली, आणि पुढच्या बाई डोळे पुसत माझ्या खांद्यावर थोपटतायत. तू बोलली असतीस, मला माहीत आहे. मी ‘फार उपकार झाले’ म्हणालो आणि सहा कोंबड्या घेऊन घरी आलो.

या कोंबड्या पिंजऱ्यातल्या. जन्मल्यापासून अंडी घालायची आणि मान वळवायला जागा नाही. अंडी कमी झाली की त्यांची रवानगी कापायला. पेंगेलीबाई त्याआधी त्यांना मागून आणतात आणि माझ्यासारख्या सज्जनांना वाटतात. घरी येऊन खोकी उघडली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी अर्धवट सोलूनच दिल्या आहेत. पाठ उघडी, मान उघडी, तुरे पांढरे पडून एका बाजूला लोंबलेले. पण डोळे बघशील तर तेज. मी खोक्यात डोकावलो, तर त्यांतली सर्वांत बोडकी माझ्याकडे अशी बघायला लागली की मी टोपी काढली.

नावं मी आपल्या नातेवाइकांवरून ठेवली, त्यामुळे लक्षात राहतात. ऑगस्टाआत्या, डॉर्कसमावशी, आयव्हीकाकू आणि हेन्रिएटा-जॉर्जिना या जुळ्या आज्या. (सहावीचं नाव मागाहून सांगतो, आत्ता नको.) दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं आपसांत ठरून गेलं की कुणी कुणाला टोचायचं. ऑगस्टाआत्या सगळ्यांना टोचते, डॉर्कसमावशी ऑगस्टाआत्या सोडून सगळ्यांना, अशी ती उतरंड खाली येते आणि सहावीपाशी संपते. आपल्याकडे नाताळच्या जेवणाला बदकाची तंगडी याच क्रमानं फिरायची आणि शेवटी माझ्या ताटात नुसतं हाड यायचं, आठवतं? फरक एवढाच की कोंबड्या एकदा ठरलं की मनात ठेवत नाहीत. टोचतात, आणि पुढच्या क्षणी एकमेकींना चिकटून झोपतात. आपल्या आत्याला हे शेवटपर्यंत जमलं नाही.

त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं गं. पहिल्या सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर कुणी बाहेर येईना. आभाळ पाहिलेलं नाही, गवत पाहिलेलं नाही. सफरचंदाच्या झाडाचं एक पान पडलं तर सहाही जणी एकमेकींच्या अंगावर. कितीतरी वेळानं ऑगस्टाआत्यानं एक पाय बाहेर ठेवला, उचलून घेतला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मग ठेवला तो ठेवलाच. पाचच मिनिटांत तिनं गांडूळ शोधलं. कुणी शिकवलं होतं तिला? पिढ्यान् पिढ्या पत्र्याखाली गेल्या, पण मातीत पाय उकरायचं पायांनीच लक्षात ठेवलं होतं. मी चहाचा कप घेऊन उभा होतो, तो थंड होईपर्यंत उभाच राहिलो. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण असं शिकणं मी एकाही वर्गात पाहिलं नाही.

पहिलं ऊन पडलं त्या दिवशी डॉर्कसमावशी मेली. म्हणजे मला तसं वाटलं. एका कुशीवर पडलेली, एक पंख पसरलेला, पाय ताणलेला, डोळे मिटलेले, चोच उघडी. मला भरून आलं. दोन घटकांचं का होईना, पण ऊन पाहिलं बिचारीनं, असं काहीतरी मी म्हणालो आणि डेलियाच्या वाफ्यात खड्डा खणायला लागलो. खणता खणता मागे वळून पाहतो तर मयत माझ्या पाठीशी उभी, खड्ड्यातले किडे टिपतेय. त्या ऊन खात पडतात ताई, अंगभर, लाज सोडून, जणू मागची सगळी थकबाकी वसूल करतायत. मग बाकीच्या चौघी आल्या, माझ्या खड्ड्यात उतरल्या आणि धुळीनं न्हाल्या. यंदाच्या प्रदर्शनातले माझे डेलिया संपले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

झोपायचं दांडीवर असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं, जमिनीवर कोंबून बसायच्या. म्हणून एका संध्याकाळी मी स्वतः खुराड्यात शिरून दांडीवर उकिडवा बसून दाखवलं. नेमके तेव्हाच पाद्रीबाबा फाटकातून आले. म्हणाले, “बार्नबी, सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “शिकवतोय.” त्यांनी मान डोलावली आणि हवेबद्दल बोलून गेले. पुढच्या रविवारी मात्र प्रार्थनेत ‘आपल्या गावात एकटे राहणाऱ्यांसाठी’ असं एक नवं कलम आलं आणि सगळं चर्च माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतं. कोंबड्या मी शिकवलं त्याच रात्रीपासून दांडीवर झोपायला लागल्या, ते मात्र कुणी विचारात घेतलं नाही.

आता लोकरीचं प्रकरण. थ्रॉसलबाईंनी कुंपणावरून उघड्या पाठी पाहिल्या आणि त्यांचं काळीज हललं. त्यांच्या गुरुवारच्या विणकाम मंडळानं बुधवारीच बैठक बोलावली. आठवडा संपायच्या आत सहा स्वेटर तयार. पंखांना भोकं, पोटाशी बटण, ऑगस्टाआत्याला जांभळा, जुळ्यांना एकसारखे पट्ट्यापट्ट्यांचे. अख्खं गाव पाहायला लोटलं. फोटो झाले, केक झाला. फक्त कोंबड्यांना कुणी विचारलं नाही. स्वेटर चढल्यावर त्यांनी एकमेकींना ओळखलंच नाही बहुतेक, कारण सगळी टोचाटोची पहिल्यापासून सुरू झाली. धुळीत न्हायला गेल्या तर धूळ लोकरीत. आणि पिसं, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती काही फुटेनात.

मग पेंगेलीबाई चौकशीला आल्या आणि फाटकातच थबकल्या. त्या मोजकं बोलतात. म्हणाल्या, “काढा ते. पिसं फुटायला कातडीला हवा लागते, ऊन लागतं. मायेनं गुदमरवाल तुम्ही लोक त्यांना.” मी क्षमा मागितली आणि स्वेटर काढले. पण थ्रॉसलबाईंना सांगणार कोण? हाताला संधिवात असताना त्यांनी ते विणलेले. ताई, पुढचे कित्येक आठवडे तुझा भाऊ फाटकाची कडी वाजली रे वाजली की घरातून धावत सुटायचा आणि कोंबड्यांना स्वेटर चढवायचा. बाई आत येईपर्यंत दोघीतिघी व्हायच्या, उरलेल्यांना मी पाठीमागे लपवायचो. बाई म्हणायच्या, “छान उबेत आहेत हो.” मी म्हणायचो, “तुमची कृपा.” एक दिवस जुळ्यांपैकी एकीला मी घाईत डोक्याकडून उलटा घातला आणि ती तशीच आंधळी कोशिंबीर खेळत बाईंच्या पायांवर जाऊन आदळली. बाई खाली बसल्या, शांतपणे तो काढला आणि म्हणाल्या, “मिस्टर टल्क, माझी वरची खिडकी तुमच्या अंगणावरच उघडते. त्या दिवसभर उघड्याच फिरतात हे मी पहिल्या दिवसापासून बघतेय. तुमची धावपळ बघवत नव्हती, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.” आम्ही दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली आणि चहा घेतला. पुढच्या पंधरवड्यात पाचही जणींच्या पाठीवर पिसांची बोंडं फुटली.

पाचही, सहा नाही. कारण सहावी बाहेरच येत नव्हती.

आता नीट वाच, कारण मला हेच लिहायचं होतं. सहावी दाराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसायची. आजारी नव्हती, डॉक्टरला दाखवलं. नुसती उंबऱ्यापर्यंत यायची, बाहेरच्या उजेडाकडे बघायची आणि मागे फिरायची. मी आधी चुकीचंच केलं सगळं. उचलून बाहेर ठेवली, तर थरथरत आत पळाली आणि दिवसभर दाण्याला शिवली नाही. मग मला दया आली आणि दाणापाणी आतच द्यायला लागलो, खाली मऊ पेंढा, वर जुनं ब्लँकेट. थ्रॉसलबाई म्हणाल्या, “बसल्या जागी सगळं मिळतंय, मग ती येईल कशाला?” कुणी तिचं वाईट चिंतत नव्हतं गं. सगळे चांगलंच करत होते, आणि ती त्या चांगल्याच्या आत दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

शेवटी मला काही सुचेना तेव्हा मी बादली उलटी केली आणि तिच्या दाराबाहेर बसलो, तिच्याकडे पाठ करून. बघितलं नाही, बोलावलं नाही. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मोठ्यानं सोडवायचं आणि चीज-लोणच्याचं सँडविच खायचं, रोज सकाळी, एवढाच कार्यक्रम. चुकीचं उत्तर लिहिलं की मागून बारीक ‘कुर्र’ असा आवाज यायला लागला. (हो, मला ओळखीचा वाटला तो आवाज.) सँडविचचा चुरा मी उंबऱ्यापाशी सांडू द्यायचो. तो नाहीसा व्हायला लागला. मग उंबऱ्याबाहेरचाही व्हायला लागला. मी मान वळवली नाही. माझ्यासारख्या चोंबड्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची तुला कल्पना येईल.

आणि एका सकाळी माझ्या बुटावर वजन आलं. मी खाली पाहिलं. ती माझ्या डाव्या बुटावर उभी होती, दोन्ही पायांनी, कारण गवतावर अजून भरवसा नव्हता. मान वर करून आभाळाकडे बघत होती. पाऊस यायला लागला. एक थेंब तिच्या उघड्या पाठीवर पडला, ती दचकली, वर पाहिलं, आणि आत पळाली नाही. माझा पाय बधिर झाला, शब्दकोडं भिजून लगदा झालं, थ्रॉसलबाई वरच्या खिडकीतून छत्री दाखवत होत्या, पण मी हललो नाही. ताई, मी रडलो. सत्तरी उलटलेला माणूस, उलट्या बादलीवर, पावसात, कोंबडीखाली पाय देऊन. माझी मार्जरी गेली तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो, ते सगळं त्या दिवशी झालं. आणि मग फार बरं वाटलं.

आता तिच्या पाठीवर बोंडं फुटली आहेत. काल तिनं ऑगस्टाआत्याला टोचलं. ऑगस्टाआत्या इतकी चकित झाली की उलट टोचायलाच विसरली.

असो. पत्र लांबलं. रोझलिंडला दिलेला शब्द मी पाळलाय, तू साक्षीदार आहेस. तब्येतीला जप, आणि या पत्रातल्या चुका दुरुस्त करून पाठव.

तुझा धाकटा,
बार्नबी

ता. क. मागची खोली मी रंगवून घेतली आहे, फिकट पिवळी. कुणासाठी म्हणून नाही, डबा उघडला होता म्हणून. खिडकी खुराड्याकडे उघडते. खोलीत सध्या हेन्रिएटा मुक्कामाला आहे, कारण ती खुडूक झालीय, अंडी उबवायला बसल्यासारखी जागची हलत नाही, आणि तिला गादी आवडली आहे. पण सांगितलं तर ती उठेल, बहुधा.

ता. क. दुसरा. सहावीचं नाव तू विचारणारच. विनी. रागावू नकोस. पहिल्या दिवशी खोक्यातून जी माझ्याकडे बघत होती ती हीच, आणि तशी बघणारी मला आयुष्यात दुसरी एकच माहीत आहे.

ता. क. तिसरा. गुरुवारी सकाळच्या बसनं मी येतोय. आत येणार नाही, घाबरू नकोस. तुझ्या दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसेन, दाराकडे पाठ करून. बादली आणतोय. शब्दकोडं आहे, थर्मास आहे, चीज-लोणच्याची सँडविचं दोघांना पुरतील एवढी आहेत. तुला काही करायचं नाही. या गुरुवारी दार नाही उघडलंस तर पुढच्या गुरुवारी येईन, मला काय उद्योग आहे? सोबत एक खोकं असेल, भोकं पाडलेलं. आतून आवाज आला तर ती विनी आहे, नवी जागा दिसली की तशी बोलते. जिना तिनं कधी पाहिलेला नाही. वर चढताना मी उचलून आणेन. पण खाली जाताना ती स्वतःच्या पायांनी उतरणार, आणि तिच्यापुढे पायरी पायरी दाखवत कुणीतरी उतरायला हवं. माझे गुडघे तुला माहीत आहेत.